घमेल्यात बर्फ, पायात बूट

मे महिन्यात जळगावात एखादा माणूस लोकरीचे मोजे घालून भरदुपारी जिना चढू-उतरू लागला, तर शेजारचे आधी त्याला ऊन तर लागलं नाही ना, हे बघतात. मला तिघांनी विचारलं. समोरचे निवृत्त हेडमास्तर विचारायच्या भानगडीतही पडले नाहीत. गेटातूनच म्हणाले, "कांदा ठेचून तळपायाला चोळा."

तळपाय मोकळे असते तर चोळला असता. ते बुटांत होते. बूटही कसे, तर प्लास्टिकचे, अर्ध्या नडगीपर्यंत येणारे, वर बकलं आणि पट्टे. डाव्या पायात नारिंगी, उजव्या पायात राखाडी. सर्कशीतून सुटल्यासारखा दिसत असणार मी. आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती, तिने चष्म्यावरून बघितलं. "काय करू राहिला रे तू?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा सुपात तोंड घातलं.

झालं होतं असं की म्युनिकहून भाचा आला होता आणि येताना मामासाठी स्की टूरिंगच्या बुटांचे दोन जोड घेऊन आला होता. एक ठेवायचा, एक त्याने परत न्यायचा. मुक्काम अकरा दिवसांचा. तिकडच्या दुकानाची अट एकच, तळ घासलेला चालणार नाही. म्हणजे सातपुड्यात पालला जाऊन चालून बघणं नाही, मेहरूणच्या तलावाला चक्कर मारणं नाही, अंगणात उतरणंसुद्धा नाही. सतरंज्या अंथरलेला जिना, एवढीच काय ती माझी आल्प्स.

स्की टूरिंग म्हणजे काय, हे या अकरा दिवसांत मी इतक्या पाहुण्यांना सांगितलं की आता झोपेतही सांगेन. साधं स्कीइंग म्हणजे पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. टूरिंगमध्ये पाळणा नाही. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची. केस एका दिशेने बसलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून हात सुलटा फिरवला तर जातो, उलटा फिरवला तर अडतो, तसं. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, आता मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची, किंवा नायलॉनची असते. बूट फक्त नाकाशी पकडलेला, टाच मोकळी. तसंच चालत डोंगर चढायचा. माथ्यावर पट्टी सोलून पिशवीत भरायची, टाच अडकवायची, बुटाच्या मागचा खटका खाली दाबायचा आणि उतरायचं. तोच बूट चढताना चप्पल व्हायला हवा आणि उतरताना प्लास्टर. सगळं भांडण इथे आहे.

मी चार वर्षांपूर्वी गुलमर्गला दोन आठवड्यांचा कोर्स केला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. भुसावळला झेलम एक्स्प्रेस पकडली, जम्मूपर्यंत कसलाच त्रास नाही, आणि पुढे जो बर्फ दिसला तो बघून घरी फोन करायचंच विसरलो. मग दर जानेवारी-फेब्रुवारीत आठ-दहा दिवस जात राहिलो. बूट भाड्याचे. एका वर्षी एका दुकानदाराने दीड नंबर मोठे दिले, म्हणाला मोजे दोन घाला. पाच दिवसांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळली आणि नडगीवर रुपयाएवढे दोन चट्टे राहिले. मोठा बूट सुखाचा वाटतो, पण पाय आत मागेपुढे आपटत राहतो. ते चट्टे बघून भाच्याने ठरवलं की मामाला स्वतःचे बूट हवेत.

राखाडी जोड हलका. नारिंगी जड. माझ्या ठिबक-पाईपांच्या दुकानात ड्रिपर आणि जॉइनर तोलायला इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यावर टाकले. राखाडीचा एक बूट १,०८० ग्रॅम, नारिंगीचा १,४२०. फरक ३४० ग्रॅम. डोंगरातले लोक म्हणतात, पायातलं एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच. मी दुकानदार माणूस, मला असल्या म्हणी पुरत नाहीत, हिशेब लागतो. एक हजार मीटर चढाई, चढ साधारण पंधरा अंशांचा, म्हणजे चाल होते पावणेचार-चार किलोमीटर. पासष्ट सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर सहा हजार पावलं. सहा हजार गुणिले ३४० ग्रॅम. वीस क्विंटल!

कापसाची वीस क्विंटल डोळ्यांसमोर आली. ट्रॉली भरून जिनिंगच्या दारात उभी राहिलेली. एका दिवसात एवढं जास्तीचं मी पायांनी ओढायचं?

"मामा, स्की उचलायची नसते, सरकवायची असते," भाचा म्हणाला. "तुमचा हिशेब हमालाचा आहे." बरोबर होतं त्याचं. पण डोक्यात वीस क्विंटल बसले ते बसले, आणि पहिले तीन दिवस मी राखाडीच्या बाजूने होतो. खटका वर केला की त्याचा घोटा साठ अंशांच्या वर पुढे-मागे झुलायचा. जिना चढताना बूट पायात आहे हे विसरायला व्हायचं. नारिंगी तसा आडमुठा. प्रत्येक पायरीला, बघ, मी आहे, असं सांगणारा.

बुटांवर फ्लेक्सचा आकडा छापलेला असतो. ९०, ११०, १३०. आकडा जितका मोठा तितका बूट पुढे वाकायला कठीण. मला हा आकडा आवडला होता, कारण आमच्या धंद्यात पाईपवर छापलेला आकडा म्हणजे शब्द असतो. पीव्हीसीवर आयएस ४९८५ आणि दाबाचा वर्ग छापलेला असला की चार केजीचा पाईप चार केजी सोसतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. फ्लेक्सचं तसं नाही. सगळ्यांना बांधील असं माप नाही, ज्याने त्याने आपल्या मनाने आकडा टाकायचा. एकाचा ११० दुसऱ्याच्या १२० पेक्षा ताठ निघू शकतो. म्हणजे गिऱ्हाइकाने गुडघा पुढे रेटून बघायचा, आकडा नाही. एवढ्या पुढारलेल्या धंद्यात हे असं कसं चालतं, मला अजून कळलेलं नाही.

प्लास्टिकचं मात्र मला कळतं. पाळण्याने वर जाणाऱ्यांचे स्की बूट बहुतेक पॉलियुरेथेनचे असतात. ते जड, आणि थंडीत आणखी ताठ होणारं. आमच्याकडेही पीव्हीसी पाईप पौषात हातून पडला तर तडकतो आणि मेमध्ये गच्चीवर राहिला तर केळीसारखा वाकतो. टूरिंगच्या बुटांना ते परवडत नाही, म्हणून तिथे पेबॅक्स किंवा ग्रिलामिड वापरतात. दोन्ही नायलॉनच्या भाऊबंदकीतली. हलकी, आणि थंडी वाढली तरी स्वभाव फारसा न बदलणारी. त्यातल्या पेबॅक्सचा एक प्रकार एरंडेलापासून करतात. हे भाच्याने सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आमच्या भागात कपाशीच्या कडेने एरंडीची ओळ लावायची पद्धत आहे, पानं खाणारी अळी आधी एरंडीवर जाते आणि कपाशी वाचते. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातली बहुतेक इथून जवळच, गुजरातेत. म्हणजे आपल्या शेजारची एरंडी सातासमुद्रापलीकडे जाऊन बूट होते आणि भाच्याच्या बॅगेतून आठ क्विंटल कापसाच्या भावाने घरी येते. आठ क्विंटल हा शब्दाचा खेळ नाही. तिकडे असल्या बुटांची किंमत पाचशे ते आठशे युरोंच्या घरात असते, आणि २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. बायकोला मी हे गणित सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी दोन्ही बूट पिशवीत घालून स्टेशनरोडला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. वडिलांच्या वहाणा त्यांच्याकडेच होत असत. त्यांनी रापी बाजूला ठेवली, बूट मांडीवर घेतला, आतला मऊ लायनर ओढून बाहेर काढला आणि रिकाम्या टरफलात हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "आम्ही फर्म्यावर जोडा चढवतो. ह्याच्यात फर्मा तुमचा पायच करायचा. पाय दाखवा."

माझा पाय त्यांनी कागदावर ठेवून पेन्सिलीने आखला. उभं करून, अंगावर वजन घ्यायला लावून. संध्याकाळी पुन्हा यायला सांगितलं, कारण पाय दिवसभर सुजतो. संध्याकाळी आखलेली रेघ सकाळच्या रेघेबाहेर पडली, पेन्सिलीची एक जाडी सहज. स्की बुटांचे नंबर मोंडोपॉइंटमध्ये असतात. तो म्हणजे दुसरं काही नाही, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. डावा २६.३, उजवा २६. दोन्ही जोड साडेसव्वीसचे, आणि साधारणपणे २६ आणि साडेसव्वीसला बाहेरचं टरफल एकच असतं, फरक आतल्या भरावात. लायनर काढून नुसत्या टरफलात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. दीड सेंटिमीटरच्या आसपास हवी. दोन्ही जोड लांबीला पास झाले.

घोडं अडलं रुंदीला. माझा डावा चवडा १०४ मिलिमीटर भरला. राखाडीचा साचा ९९ चा, नारिंगीचा १०१ चा.

कारागीर रेघेकडे बघून हसले. "अनवाणी वाढलेले दिसता."

वाढलोच. तापीकाठच्या गावात, रावेर तालुक्यात. आठवीत शहराच्या शाळेत घातलं तेव्हा पहिले बूट आले, तोपर्यंत पायाने आपल्याला हवी तेवढी जागा घेतलेली होती. पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना बोटं फाकवून रोवली नाहीत तर माणूस बसतोच चिखलात. त्या चिखलाने माझी करंगळी बाहेर काढली ती आजवर आत आली नाही. इटलीत माँटेबेल्लुना नावाचं गाव आहे, स्की बुटांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या तिथे एकवटला आहे. आधी कातड्याचे डोंगरी जोडे शिवणारी घरं, मग प्लास्टिक. तिथल्या कोणाही साचेकाराच्या डोळ्यांसमोर ही करंगळी असण्याचं कारण नव्हतं.

रुंदीला इलाज नाही असं नाही. टरफल तापवून हव्या त्या जागी आतून फुगवतात. हे ऐकून माझे हात शिवशिवले. शेतात सॉकेट नसलेला पाईप जोडायचा तर पऱ्हाट्या पेटवून त्यावर पाईपचं तोंड फिरवायचं, मऊ पडलं की दुसरा पाईप आत ठोसायचा. हे मी दहाव्या वर्षी केलेलं. आता तर दुकानात हीट गन आहे. भाच्याने ती उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. पेबॅक्स आणि ग्रिलामिड पॉलियुरेथेनसारखी सहज ऐकत नाहीत, तापमान थोडं इकडेतिकडे झालं की एकतर जागेवर येतात नाहीतर बिघडतात. शिवाय डागलेला बूट परत कोण घेणार?

पण मुख्य अडचण वेगळीच होती. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे. कूलर समोर लावूनही पाय सुजलेला. जो बूट उणे दहात घालायचा तो इथे कसा कळायचा? आणि नवा लायनर काही दिवसांत दबतो, नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते त्याला अक्षरशः लागू. म्हणजे आज थोडा आवळच हवा. थोडा म्हणजे किती? सुजलेल्या पायाने हे ठरवणं म्हणजे जेवून उठल्यावर लग्नाच्या सदऱ्याचं माप देण्यासारखं.

सहाव्या दिवशी मी सोडावाल्याकडून अर्धी लादी बर्फ आणला. फोडून घमेल्यात टाकला, वर पाणी ओतलं आणि खुर्चीत बसून दोन्ही पाय आत सोडले. पहिलं मिनिट सुखाचं. दुसऱ्या मिनिटाला घोट्यात कळ. पाचव्याला भाचा मोबाइलवर वेळ लावून समोर बसलेला, बायको दारात, आणि आई म्हणते, "ह्याले काय झालं?" दहा मिनिटांनी पाय काढले, लालबुंद. पुसले, मोजा चढवला, डावीकडे नारिंगी, उजवीकडे राखाडी, बकलं बेताची आवळली आणि पंचवीस मिनिटं जिना. नंतर अदलाबदल, घमेलं पुन्हा, जिना पुन्हा. शास्त्रीय वगैरे काही नव्हतं हे. पण गार पाय बारीक होतो आणि निदान तेवढं तरी खरं कळतं.

नारिंगीत डावा पाय गप्प बसला. करंगळीपाशी दाब होता, पण तो हात धरल्यासारखा. राखाडीत बाराव्या मिनिटाला करंगळी दुखायला लागली आणि अठराव्याला दुखायची थांबली. थांबली म्हणून मी खूश होऊन भाच्याला सांगितलं. त्याने ताबडतोब बूट काढायला लावला. बोट पांढरं पडलेलं, टोचलं तरी कळेना. "मामा, हे घरात आहे म्हणून ठीक आहे. वर असं झालं तर तुम्हाला कळणारपण नाही," तो म्हणाला. आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही, आणि बर्फात न फिरलेलं रक्त म्हणजे हिमदंश.

एवढ्यावर निकाल लागायला हवा होता. नाही लागला. मी आणखी तीन दिवस कारणं शोधत होतो. मोजा पातळ घालीन. भाचा परत जाऊन एक नंबर वरचा पाठवील. वीस क्विंटल, वीस क्विंटल. खरं कारण मला ठाऊक होतं आणि ते सांगायला लाज वाटत होती. राखाडी बूट घालणारी माणसं मी मोबाइलवर बघत असे. सडसडीत, पहाटे निघून दोन-दोन हजार मीटर चढणारी. त्या बुटात पाय घातला की माझं पोट आत जायचं. आरशात नव्हे, मनात.

माझी खरी गोष्ट अशी आहे की मी वर्षातले आठ-दहा दिवस बर्फावर असतो. गुलमर्गचा गंडोला, म्हणजे तिथला पाळणा, दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरांवर नेऊन सोडतो. माझी चढाई त्यापुढची, गाइडच्या मागे, तास-दीड तासाची. मग उतरण. उतरण अर्ध्या तासात संपते, पण भीती वाटते ती त्या अर्ध्या तासातच, आणि गुडघा मोडायचा असेल तर तिथेच मोडतो. मऊ बुटात वळण घेताना नडगी पुढे रेटली की बूट वाकतो आणि स्की आपल्याच मर्जीने जाते. पट्टीचा स्कीअर हे पायाच्या अंदाजाने सांभाळतो. माझ्यासारख्याला ताठ नडगीचा आधारच बरा. शिवाय माझ्याकडे स्वतःच्या स्की नाहीत. बूट स्कीला धरून ठेवणारी कळ म्हणजे बाइंडिंग. राखाडी फक्त पिन बाइंडिंगमध्ये बसतो, ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात काढलेली ती जुगत, बुटाच्या नाकाच्या दोन खळग्यांत दोन खुंट्या. नारिंगीला ते खळगे आहेतच, वर तळ ग्रिपवॉक नावाच्या जातीचा, त्यामुळे त्याला चालणाऱ्या दुसऱ्या बाइंडिंगांवरही जमतो. भाड्याच्या स्कींवर दिवस काढणाऱ्याला हे वजनापेक्षा मोठं. (बुटांच्या आधी ट्रान्सीव्हर म्हणजे गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून शोधायची काठी, आणि फावडं घ्यायचं असतं, ही भाच्याची बोलणी मी खाल्ली ती वेगळीच. हिमस्खलनाखाली गाडलेल्या माणसाला कोणत्या बुटात गाडलं याने फरक पडत नाही. ते तिन्ही त्याने लगेच मागवायला लावले.)

दहाव्या रात्री सगळे झोपल्यावर मी राखाडी जोड पुन्हा काढला. दिवा न लावता घातला, खटका वर केला आणि सतरंजीवरून गच्चीपर्यंत चढलो. दारातच थांबलो, तळ घासू नये म्हणून उंबरा ओलांडला नाही. गच्चीची फरशी रात्री अकरालाही तापलेली होती, वाफ तोंडावर येत होती. करंगळी ठणकायला लागेपर्यंत उभा राहिलो. मग पायरीवर बसून बकलं सोडली.

सकाळी भाच्याने राखाडी जोड खोक्यात घातला, मूळच्या कागदात गुंडाळून. बॅग काट्यावर ठेवली. तेवीस किलोंच्या आत बसवायला आईने दिलेल्या बिबड्यांमधल्या अर्ध्या काढाव्या लागल्या, यावर तिघांचं भांडण झालं. स्टेशनवर जाताना तो म्हणाला, "मामा, घरात बूट उघडे टाकून ठेवू नका. उन्हाळ्यात बकलं ढिली लावून ठेवा, नाहीतर टरफल फाकेल."

तसंच ठेवले. बकलं पहिल्या खाचेत, लायनरमध्ये वर्तमानपत्राचे बोळे आणि कडुनिंबाचा पाला. माळ्यावर, कारण खाली उंदीर आहेत. ठिबकच्या नळ्या कुरतडणारा उंदीर एवढा मऊ लायनर सोडणार नाही. पत्र्याची पेटी रिकामी करून तीत घातले. करंगळीला अजून सूज होती. आईने एरंडेल कोमट करून आणलं आणि समोर बसली. मी पाय पुढे केला.

"मंग कव्हा घालशीन ते?" तिने विचारलं.

"जानेवारीत. कपाशी उपटून झाली की."

"तवर राहू दे," म्हणाली, आणि करंगळी बाजूला ओढून बेचक्यात तेल सोडलं.